गंजत नाही, तरी फोड येतात: फायबरग्लासच्या जुन्या गाड्यांचा रंग का फुगतो?

जुन्या स्पोर्ट्स कारचं कौतुक करताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बॉडी फायबरग्लासची आहे, गंजायचा प्रश्नच नाही." वाक्य खरं आहे. पण त्याच गाडीजवळ उकिडवं बसून, डोळे बॉनेटच्या पातळीला आणून, प्रकाशाकडे तोंड करून तिरकं पाहा. चकचकीत रंगाखाली टाचणीच्या डोक्याएवढ्या पुटकुळ्या दिसू लागतात. कुठे सुट्या, कुठे घोळक्याने, कुठे एका रेषेत मांडल्यासारख्या. हात फिरवला तर घामोळं उठलेल्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटतं.

स्टीलच्या गाडीवर असा फुगा आला तर कोडं पडत नाही. आत गंज आहे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला वर ढकलतो. फायबरग्लासमध्ये लोखंडच नाही. मग रंगाला खालून ढकलतंय कोण?

मालक पेंटरला बोल लावतो, पेंटर रंगाच्या डब्याला. माझं मत विचाराल तर या प्रकरणात रंग बहुतेक वेळा निर्दोष असतो. खाली जे बिघडलंय त्याची बातमी तो वर आणतो, एवढंच.

प्लास्टर घातलेला हात आणि गाडीची बॉडी

हात मोडल्यावर घालतात ते प्लास्टर आठवा. नुसतं प्लास्टर ठिसूळ, नुसतं बँडेज लुळं. पण बँडेज प्लास्टरमध्ये भिजवून थरावर थर गुंडाळले की कवच तयार होतं. फायबरग्लासची युक्ती हीच. केसाहून बारीक काचेचे तंतू, त्यांची चटईसारखी केलेली मॅट, आणि ती भिजवायला पॉलिएस्टर रेझिन. पातळ रेझिनमध्ये साधारण १ ते २ टक्के हार्डनर मिसळलं की ते तापतं, घट्ट होतं आणि तंतूंना कायमचं पकडून ठेवतं.

हाताने केलेल्या बॉडीचं काम उलट्या क्रमाने चालतं. साच्याला आतून मेण लावायचं. मेणावर पहिला थर जेलकोटचा. जेलकोट म्हणजे तंतू नसलेल्या रेझिनचा गुळगुळीत थर, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तो जरा आवळला की त्यावर मॅट, मॅटवर रेझिन, आणि मग रोलर फिरवून आतली हवा बाहेर काढायची. साचा सुटल्यावर जेलकोट बाहेरच्या अंगाला येतो. म्हणजे आधी कातडी बनवली आणि मागाहून मांस भरलं.

शेव्हरोलेने १९५३ मध्ये पहिली कॉर्वेट फायबरग्लासमध्ये काढली, त्या वर्षी अवघ्या ३००, सगळ्या पांढऱ्या. १९५७ च्या लोटस एलिटमध्ये तर गाडीचा मुख्य सांगाडाच फायबरग्लासचा होता. फेरारीनेही १९७५ ची ३०८ जीटीबी सुरुवातीला याच मटेरियलमध्ये बनवली आणि १९७७ मध्ये स्टीलचा रस्ता धरला. कारण हिशोबाचं होतं. स्टीलचा पत्रा दाबायचे डाय प्रचंड महाग, आणि काही शे किंवा काही हजार गाड्यांत तो खर्च निघत नाही. साचा त्या मानाने स्वस्तात होतो.

मात्र हाताच्या कामात हाताच्या खुणा राहतात. रोलर फिरायचा राहिला तिथे हवेची पोकळी. हार्डनर कमी पडलं तिथे अर्धंकच्चं रेझिन. अडचणीच्या कोपऱ्यात तंतू नीट भिजलेच नाहीत. हे सगळं जेलकोटने झाकलं, आणि जेलकोटला रंगाने.

(कॉर्वेटचं थोडं वेगळं आहे. तिचे बहुतेक भाग दोन साच्यांमध्ये दाबून केलेले असतात आणि त्यांवर जेलकोट नसतोच. त्यामुळे "जेलकोटपर्यंत घासा" हा लोटसवाल्याचा सल्ला कॉर्वेटवाल्याने ऐकला तर तो शोधत शोधत थेट तंतूंपर्यंत पोचेल.)

काच पाणी पीत नाही, वात पिते

स्टीलचा पत्रा पाण्याला आणि वाफेला पूर्ण बंद असतो. फायबरग्लासचा पत्रा बंद वाटतो, पण तसा नसतो. पॉलिएस्टर रेझिनमधून पाण्याचे रेणू अतिशय हळू, पण आत जातात. आणि जिथे तंतू उघडे पडले आहेत तिथे तर हळूही म्हणता येत नाही. कापसाची वात तेल कशी वर ओढते? धाग्यांमधल्या बारीक फटींतून. भिजायची राहिलेली काचतंतूंची जुडी तसंच पाणी ओढते. काच स्वतः थेंबही पीत नाही, पण दोन तंतूंमधली फट पिते.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट इथेच सांगतो. जेलकोट फक्त दर्शनी बाजूला असतो. चाकाच्या कमानीत आतून हात घाला, खरखरीत, केसाळ पृष्ठभाग लागेल. चाक पावसाचं पाणी नेमकं तिथेच भिरकावतं. वरून गाडी मेणाने कितीही चमकवली तरी मागचा दरवाजा सताड उघडाच असतो.

बंद कुपीतलं ऊन

आता एक छोटं गणित. रंगाखाली टाचणीच्या डोक्याएवढी पोकळी आहे असं धरा. सकाळी गाडीचं तापमान २० अंश सेल्सिअस. दुपारी उन्हात गडद रंगाचं बॉनेट ७० अंशांना सहज पोचतं. पोकळीत फक्त कोरडी हवा असेल तर तिचा दाब साधारण १७ टक्क्यांनी वाढेल. चांगला रंग तेवढं सोसतो.

पण पोकळीत पाण्याचा अंश असेल तर? २० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब असतो सुमारे २.३ किलोपास्कल. ७० अंशांना तोच होतो सुमारे ३१, म्हणजे तेरापटीच्या वर. हवा आणि वाफ मिळून आतला एकूण दाब सकाळच्या जवळजवळ दीडपट होतो, आणि तेही पाणी उकळायच्या कितीतरी आधी. याच वेळी उन्हाने रंग मऊ झालेला असतो. आतून रेटा वाढलेला, वरून पकड सैल. रंग तसूभर उचलला जातो. रात्री सगळं थंड होतं, पण ताणलेला रंग पूर्ववत बसत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फोड एका दिवसात येत नाही, तो रोज थोडा थोडा पंप होत असतो.

बॉनेट, टप आणि डिकीचं झाकण आधी का फुगतं आणि दारं बराच काळ नीट का राहतात, याचं उत्तरही यातच आहे. आडव्या भागांना ऊन जास्त लागतं आणि पाणीही त्यांच्यावरच साचून राहतं. बॉनेटला शिवाय इंजिनाची धग आहेच.

"पण गाडी म्हणजे काही बोट नव्हे"

हा आक्षेप येणारच, कारण फायबरग्लासच्या फोडांची चर्चा सुरू झाली की कुणीतरी "ऑस्मॉसिस" हा शब्द टाकतोच. मराठीत परासरण. समजायला अवघड नाही. एका खोलीला इतकं बुटकं दार आहे की लहान मुलं आत जाऊ शकतात, पण आत बसलेली मोठी माणसं बाहेर पडू शकत नाहीत. जेलकोट हे तसं दार आहे. पाण्याचे रेणू म्हणजे मुलं, ते आत शिरतात. आत रेझिनमधली न जुळलेली, पाण्यात विरघळणारी द्रव्यं असतात, ती मोठी माणसं. पाणी त्यांच्यात मिसळतं, दाट द्रावण तयार होतं, आणि असं द्रावण आणखी पाणी आत ओढत राहतं. खोली भरते, भिंती फुगतात.

बोटीचं बूड महिनोन्महिने पाण्यात असतं, त्यामुळे तिथे हे ठरलेलंच दुखणं. फोड फोडला की आंबूस वासाचा चिकट द्रव निघतो. गाडी पाण्यात उभी नसते, हे खरं. म्हणूनच गाडीवरच्या प्रत्येक फोडाला ऑस्मॉसिस म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पण ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालून ती चार महिने कोंदट गॅरेजमध्ये ठेवली, तर कव्हरखाली जे तयार होतं ते बोटीच्या बुडापेक्षा फार वेगळं नसतं. उलट जास्त उबदार असतं. गाडी जपण्यासाठी घेतलेलं कव्हर गाडीचा रंग घालवतं, असं अनेकदा होतं.

खरा गुन्हेगार: मागचं रंगकाम

चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीला मूळ रंग क्वचितच असतो. दोनदा-तीनदा रंग झालेला असतो, आणि बहुतेक फोडांचं बीज त्या प्रत्येक वेळी पडलेलं असतं. स्टीलच्या गाड्यांवर हात बसलेला चांगला पेंटरसुद्धा फायबरग्लासवर फसतो, कारण त्याच्या सवयी स्टीलच्या असतात.

पहिली सवय, जुना रंग काढायला रिमूव्हर लावायचा. मिथिलीन क्लोराईड असलेला रिमूव्हर स्टीलवर पोपडे सोडवतो आणि पुसला की संपलं. पॉलिएस्टरवर मात्र त्याला जुना रंग कुठला आणि गाडीची बॉडी कुठली हा फरक कळत नाही. तो जेलकोटमध्ये शिरतो, त्याला फुगवतो, आणि पुसल्यावरही आत मुरून राहतो. वर नवा रंग मारला की आतलं रसायन बाहेर यायला बघतं आणि वाटेत त्याला रंगाचं झाकण लागतं.

दुसरी सवय, वॉटर पेपरची. पाणी मारत मारत घासलं की धूळ उडत नाही, पृष्ठभाग सुरेख येतो. स्टील पुसलं की पाच मिनिटांत कोरडं. पण घासताना जेलकोट पार झाला आणि तंतू उघडे पडले, तर आपण त्या वातींना स्वतःच्या हाताने पाणी पाजत असतो. संध्याकाळी पृष्ठभाग कोरडा दिसतो. दुसऱ्या दिवशी प्रायमर. ओल आत कोंडली गेली.

तिसरी म्हणजे घाई. रंगाच्या दोन हातांमध्ये पुरेसा वेळ न दिल्यास खालच्या हातातलं थिनर उडून जायच्या आधी वरचा हात त्याला झाकतो. जुन्या अ‍ॅक्रिलिक लॅकरवर हा त्रास जास्त. कॉर्वेटवर लॅकर १९८१ पर्यंत मारला जात होता. तो थिनर लागलं की पुन्हा विरघळतो, त्यामुळे वरून नवा रंग मारताना खालचा जागा होतो, सुरकुततो, उचलतो. जुन्या लॅकरच्या जाड थरावर आधुनिक टू-पॅक (हार्डनर मिसळून मारायचा) रंग मारणं म्हणजे वाळूवर फरशी बसवणं.

शिवाय पोकळ्या. घासताना हवेच्या पोकळीचं डोकं उघडतं, सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. पेंटर त्यावर पुटी ओढतो. पुटी भोकाच्या तोंडाशी बसते, आतली पोकळी तशीच. झाकण बसवलेली कुपी तयार. पुढचं काम ऊन करतं.

राहिलं साच्याचं मेण. ते कडेकोपऱ्यात शिल्लक असेल तर रंग धरतच नाही, पण असा रंग सहसा पत्र्यासारखा सुटून येतो, पुटकुळ्या आणत नाही.

"रंग दिल्यावर दोन वर्षं तर काहीच झालं नाही!"

पेंटरचा हा बचाव नेहमीचा, आणि ऐकायला बिनतोड. पण ओल आणि थिनर दोन्ही रंगाच्या थरातून फार सावकाश हलतात. नवा रंग लवचीक असतो, थोडाफार रेटा पोटात घेतो. वर्षं जातात तसा तो कडक होतो. त्यात गाडी कशी राहिली हेही आलं. सावलीत, कोरड्या जागी उभी असलेली गाडी कितीतरी वर्षं गप्प राहू शकते. मालक बदलतो, नवा मालक तिला उन्हात घेऊन जातो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात फोड उठतात. बिचाऱ्याला वाटतं आपण काहीतरी चुकलो.

फोड फोडूनच बघा

दुरुस्तीआधी निदान, आणि निदानाचं हत्यार म्हणजे नवं ब्लेड. डोळ्यांना चष्मा लावा. फोडाच्या कडेला ब्लेड आडवं टेकवून टोपी अलगद उचला. घाई नको, कारण ती टोपीच साक्षीदार आहे.

आधी आत काय आहे ते पाहा. थेंब आला तर बोटांत चोळा, हुंगा. नुसतं पाणी असेल तर ओल कोंडलेली. चिकट आणि आंबूस असेल तर गोष्ट रेझिनपर्यंत गेलेली. कोरडं असेल तर टोपी उलटी करून तिच्या पोटाचा रंग बघा. पोटाला वरचाच रंग आणि खाली प्रायमर शाबूत असेल तर दोन हातांमध्ये बिघाड आहे, बॉडी वाचली. पोटाला प्रायमर चिकटून आला आणि खाली जेलकोट उघडा पडला तर प्रायमरने पकडच घेतली नव्हती. आणि खाली जेलकोटमध्येच एक इवलंसं काळं भोक दिसलं, तर ती पोकळी. तिच्यात टाचणी घालून बघा, टाचणी कडेला तिरकी आत सरकली की समजावं पोकळी दिसते त्याहून मोठी आहे.

मांडणीही बोलते. सगळीकडे एकसारखे बारीक फोड म्हणजे बहुधा ओल किंवा रिमूव्हर. रेषेत असतील तर खाली दोन भागांचा जोड आणि त्यातला जुना चिकट मसाला. समोरच्या काचेच्या कडेने असतील तर मात्र सावध व्हा. फायबरग्लास गंजत नसला तरी त्याच्या आत बऱ्याचदा लोखंड असतं. १९६३ पासूनच्या कॉर्वेटमध्ये केबिनभोवती स्टीलचा पिंजरा आहे, आणि त्यावर फायबरग्लासचे भाग चिकटवलेले असतात. तो गंजून फुगला की वरचा भाग उचलला जातो. "गंजायचा प्रश्नच नाही" हे वाक्य तिथे खोटं ठरतं.

एका ठिकाणहून एकच फोड उघडून निकाल देऊ नका. चार वेगवेगळ्या ठिकाणचे उघडा. चारही जागी चार कारणं निघालेली जुनी गाडी ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

"टोचून, पुटी भरून, टच-अप केलं तर?"

एखाददुसरा फोड पोकळीमुळे आलेला असेल तर चालेल, मात्र पोकळी पूर्ण उघडून, तिच्या कडा उतरत्या घासून, आत इपॉक्सी रेझिन भरायला हवं. घोळका असेल तर नाही चालणार. ओल आलेल्या भिंतीचा पोपडा खरवडून वर डिस्टेंपर मारल्यावर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय.

घोळक्याला एकच उपाय: जुना रंग सगळा काढायचा. रिमूव्हर नाही, वाळूचा मारा तर अजिबात नाही, तो जेलकोटची चाळणी करतो. धारदार ब्लेडने खरवडणं आणि कोरड्या पॉलिश पेपरने घासणं, हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. काचेची धूळ अंगाला खाजवते आणि छातीला वाईट, त्यामुळे चांगला मास्क हवाच.

त्यानंतर येतो सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा: काहीही न करणं. उघडी बॉडी कोरड्या, उबदार जागी कित्येक आठवडे नुसती ठेवायची. हीट गन लावून हे काम तासाभरात उरकायचा मोह आवरा, कारण जास्त उष्णतेने फायबरग्लास वाकडं होतं आणि आतली वाफ कोंडून नवे फोड उठतात. वाळलं की नाही हे कसं कळणार? ओलावा मोजायचं यंत्र असतं, पण एक घरगुती परीक्षाही आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा उघड्या पृष्ठभागावर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, तो भाग उबेत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून दव धरलं असेल तर अजून थांबायचं.

पुढचं काम मग सरळ आहे. पोकळ्या उघडून भरायच्या, उघड्या तंतूंवर इपॉक्सी, त्यावर इपॉक्सी प्रायमर, आणि प्रत्येक हाताला डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ. पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी पाण्याला जास्त अडवतं आणि पकडही घट्ट धरतं. पण ओल्या बॉडीवर इपॉक्सी मारलंत तर तीच घट्ट पकड ओल आत कोंडून ठेवेल. चाकाच्या कमानींना आतूनही एक हात मारा. टू-पॅक रंगाच्या फवाऱ्यात आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. म्हणून ते फवारायचं काम बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क असलेल्या माणसाकडेच सोपवा.

"मग गाडी कमकुवत झाली का?"

बहुतेक वेळा नाही. पुटकुळ्या रंगात किंवा जेलकोटच्या आसपास असतात, आणि गाडीचा भार पेलणारे तंतूंचे थर त्यांच्या खाली. अपवाद दोन. एक, जोडाच्या रेषेवर फोडांसोबत लांब चीर असेल तर जोड सुटतोय का ते बघायला हवं. दोन, नखाने ठोकल्यावर एखाद्या भागातून बद्द आवाज येत असेल तर तिथे थर एकमेकांपासून सुटले आहेत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या, ताऱ्याच्या आकाराच्या चिरा हे वेगळंच प्रकरण, त्या धक्क्याने किंवा वारंवार वाकण्याने येतात.

विकत घेताना

रंगाची जाडी मोजायचं नेहमीचं यंत्र इथे खिशातच ठेवा. ते चुंबकावर किंवा खालच्या धातूत उठणाऱ्या विद्युतप्रवाहावर चालतं, आणि खाली धातूच नसल्याने फायबरग्लासवर ते मुकं असतं. अल्ट्रासाउंडवर चालणारं यंत्र मिळालं तर उत्तम, नाहीतर डोळे आणि बोटं. गाडी पहाटे, धुऊन पुसून चमकवलेली दाखवत असतील तर पाहा जरूर, पण तेवढ्यावर ठरवू नका. दोन-तीन तास उन्हात उभी करायला सांगा, मग बॉनेटवरून उघडा तळवा फिरवा. तो खडबडीत लागला, तर मालकाला किमतीआधी एवढंच विचारा: मागच्या वेळी रंग देताना जुना रंग कशाने काढला होता, आणि त्यानंतर गाडी किती दिवस वाळत ठेवली होती?